पेपर कुठे छापायचा, याच्या आधी

गोंदिया

चि. बाळ,


दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी तुझी निवड झाली, त्याचा आनंद फोनवर बोलून झाला आहे. पत्र लिहायचं कारण तुझा प्रश्न. कोणता विषय घेतला तर मोठ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये पेपर लवकर येईल, असं तू विचारलंस. प्रश्न व्यवहारी आहे, तुझ्या जागी कुणीही तो विचारेल. पण त्यातला क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि हा उलटा क्रम समुद्रविज्ञानात इतर शास्त्रांपेक्षा जास्त महागात पडतो. का, ते सविस्तर लिहितो. पटलं नाही तर तसं कळव. मामाचं म्हणणं आहे म्हणून मान डोलावू नकोस.

आधी तो आकडा काय मोजतो ते पाहू. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि पुढे तिच्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर आला. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांचा यंदा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला, एवढंच तो सांगतो. हजारो जर्नलांतून सूचीत कोणती घ्यावीत, ग्रंथालयाने कोणती मागवावीत, हे ठरवायला तो सोयीचा होता. माणसाचं किंवा एकेका पेपरचं मोल ठरवण्यासाठी तो बनलेलाच नव्हता. शिवाय ती सरासरी आहे. जर्नलमधले थोडेसे पेपर भरपूर संदर्भ ओढून घेतात आणि बाकीचे त्यांच्या सावलीत उभे राहतात. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने जर्नलचा आकडा संशोधकाला लावू नका असं स्पष्ट म्हटलं. जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सही करणं सोपं असतं, निवड समितीत बसल्यावर तो आकडा विसरणं अवघड.

माझा मुख्य आक्षेप त्या दोन वर्षांवर आहे. तुझा पेपर वाचून कुणाला तो समुद्रात पडताळून पाहायचा असेल, तर त्याने जहाजाची वेळ मागायची, ती मिळेपर्यंत थांबायचं, नेमक्या ऋतूत समुद्रावर जायचं, पाण्याचे नमुने तपासायचे, मग लिहायचं, मग परीक्षकांच्या शंकांना उत्तरं द्यायची. यात तीन-चार वर्षं सहज जातात. म्हणजे खरी दाद किंवा खरा विरोध येईपर्यंत ती खिडकी बंद झालेली असते. दोन वर्षांत संदर्भ मिळतात ते बहुतेक आढावा घेणाऱ्या लेखांना, गाजत असलेल्या विषयांना, किंवा आयत्या आकड्यांवर संगणकाने केलेल्या कामांना. ही कामं वाईट नाहीत. पण ज्या मोजमापांवर ती उभी असतात, ती मोजमापं करणारा या हिशेबात नेहमीच मागे राहतो.

पश्चिम किनाऱ्याचंच उदाहरण घे, कारण तुझं काम तिथेच चालणार आहे. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये मुंबईसमोरच्या समुद्रावर एक लेख आला. लेखक कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तू. कमी ऑक्सिजनचा पाण्याचा थर उथळ किनारपट्टीवर कसा चढून येतो आणि मासेमारीवर त्याचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. त्याच वर्षी कोचीला काम करणाऱ्या कार्ल बान्झे यांनी दक्षिण-पश्चिम किनाऱ्याबद्दल जवळपास तीच गोष्ट लिहिली: खालचं थंड, प्राणवायू कमी झालेलं पाणी वर येतं, तळाचे मासे तिथून निघून जातात आणि ट्रॉलरची जाळी रिकामी येतात. बान्झे यांचा लेख मात्र भारतीय सागरी जीवशास्त्र संघटनेच्या जर्नलमध्ये छापला गेला, आणि तेही त्या जर्नलच्या पहिल्याच खंडात. आजच्या निवड समितीपुढे हे दोन लेख ठेवले तर पहिल्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील आणि दुसऱ्याला कुणी हातही लावणार नाही. पण या किनाऱ्यावरच्या ऑक्सिजनबद्दल गंभीरपणे लिहिणाऱ्याला आजही बान्झे यांच्यापर्यंत मागे जावं लागतं. छापखाना कोणताही असो, पाणी कुठून, कधी, किती खोलीवरून घेतलं आणि कसं तपासलं हे त्यांनी नीट लिहून ठेवलं होतं.

अशा जुन्या नोंदींचा उपयोग चाळीस वर्षांनी झाला. २००० साली तुझ्याच संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. भारताच्या पश्चिम उथळ समुद्रात ऑक्सिजनची टंचाई तीव्र होत आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा वायू मोठ्या प्रमाणात निघतो आहे, असं त्यांनी दाखवलं. जमिनीवरून वाहून येणारा नायट्रोजन यामागे असावा, हा त्यांचा तर्क होता. आता ‘तीव्र होत आहे’ या शब्दांकडे बघ. १९९९ चं मोजमाप कितीही अचूक असलं तरी एकट्याने ते इतकंच सांगतं की त्या साली असं होतं. वाढ म्हणायची तर जुना आकडा हवा, आणि तो विश्वासाचा हवा. जुने आकडे विरळ असल्यामुळे ही वाढ किती आणि वर्षागणिक होणारा चढउतार किती, हा वाद पुढेही होत राहिला. आधीच्या पिढ्यांनी दर वर्षी, दर ऋतूत मोजलं असतं तर तो वाद केव्हाच निकाली निघाला असता. संस्थेला हे उमगलं आहे, म्हणूनच कांदोळीसमोर पंचवीस-तीस मीटर खोल पाण्यात १९९७ पासून त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा मोजमाप होत आलं आहे. एका महिन्याच्या फेरीवर कुणी पेपर लिहीत नाही. अशा शेकडो फेऱ्या एका रांगेत उभ्या राहतात तेव्हा त्यांचं मोल कळतं. आपल्याकडे सारसांची गणती होते ती अशीच: एका उन्हाळ्यात किती पक्षी दिसले याला बातमीपलीकडे किंमत नाही, पण सलग वर्षांच्या नोंदी असल्या की पक्षी घटतोय हे कुणालाही नाकारता येत नाही.

तू ज्याला ट्रेंड म्हणतेस त्याबद्दलही थोडं. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये समुद्रातल्या सूक्ष्म प्लास्टिकवर छोटासा लेख लिहिला आणि तो विषय गाजला. त्यानंतर किनाऱ्याकिनाऱ्यावर जाऊन प्लास्टिकचे कण मोजणारे पेपर आले, आपल्या देशातूनही भरपूर आले. विषय महत्त्वाचा आहे यात वाद नाही. पण एकाने जाळीने पाणी गाळलं, दुसऱ्याने बादलीने भरून घेतलं. एकाच्या जाळीची छिद्रं मोठी, दुसऱ्याची बारीक. कुणी चौरस मीटरला कण मोजले, कुणी किलोभर वाळूला. आता यातले दोन पेपर शेजारी ठेवून कोणता किनारा जास्त खराब हे सांगता येत नाही. लाटेवर स्वार झालेल्यांना संदर्भ मिळाले, समुद्राच्या पदरात मात्र फारसं पडलं नाही. याच्या उलट जीवजातींचं वर्गीकरण करणारे लोक. त्यांनी दिलेलं नाव जो तो वापरतो, पण ते नाव ज्या लेखात प्रथम दिलं गेलं त्याचा संदर्भ फारसा कुणी देत नाही, आणि मग ते शास्त्र मागे पडतंय म्हणून आपणच हळहळतो. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर यांची रीत तू पहिल्याच महिन्यात शिकशील. लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये, डॉक्टरेट करत असताना प्रसिद्ध केली. आजचे महागडे संवेदक बरोबर दाखवतात की नाही हे पाहायलाही तीच वापरतात. पेपर कितीही वाचलेस तरी मूळ लेखाचा संदर्भ देणारे थोडेच भेटतील. परिणाम आणि संदर्भांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

यावर तू म्हणशील, मोठ्या जर्नलमध्ये आलेलं कामच जगापर्यंत पोचतं. काही अंशी खरं आहे. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ मध्ये हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातला झोका ‘नेचर’मध्ये मांडला, आणि आज आपल्या वर्तमानपत्रांतसुद्धा पावसाळ्याच्या तोंडावर ‘इंडियन ओशन डायपोल’चा उल्लेख येतो. गाजलेल्या जर्नलचा तिथे नक्कीच उपयोग झाला. पण त्याच अंकात वेबस्टर आणि सहकाऱ्यांचा त्याच घडामोडीवर स्वतंत्र लेख होता, आणि पुढे अनेकांनी ती कल्पना तपासली, काहींनी तिच्यावर आक्षेपही घेतले. या तपासणीत ती टिकली म्हणून आज नावारूपाला आहे. तुझ्या हाती एवढं मोठं काही लागलं तर जरूर तिथेच पाठव, संकोच करू नकोस. मी सांगतो आहे ते इतकंच की, ते लागावं म्हणून विषय निवडू नकोस.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. मुलाखतीत पेपरची संख्या आणि जर्नलचा आकडा विचारतात, तिथे बान्झे यांची गोष्ट सांगून नोकरी मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, २०२५ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची आपली यादीही बंद केली, तरी समित्यांच्या सवयी नियमांइतक्या लवकर बदलत नाहीत. संस्थेचे स्वतःचे नियम असतील तेही पाळावे लागतील. तेव्हा पेपर हवेतच. पण शास्त्रीय संघटनांची, कसून परीक्षण करणारी मध्यम आकड्याची जर्नलं आहेत. परीक्षकांच्या शंका आणि लेखकाची उत्तरं उघडपणे प्रसिद्ध करणारी ‘बायोजिओसायन्सेस’ आणि ‘ओशन सायन्स’ यांसारखीही आहेत. अशा ठिकाणी आलेले दोन पक्के पेपर कोणत्याही जाणत्या समितीला पुरतात. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणाऱ्यांच्या ईमेल तुला पहिल्या सत्रापासून येऊ लागतील, त्यांना उत्तरही देऊ नकोस. तिथे छापलेला पेपर नावावरून पुसता येत नाही. खुल्या प्रकाशनासाठी काही नामांकित जर्नलं हजारो डॉलर मागतात, तेही तुझ्या शिष्यवृत्तीतून भरायचं काहीच कारण नाही.

आणि गोंदियाचा समुद्राशी काय संबंध, असं तिथे कुणी गमतीने विचारलं तर उत्तर तयार ठेव. आपल्या धानाच्या बांध्यांतलं आणि माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांतलं पाणी वैनगंगेला मिळतं, ती प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तुझ्याच संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्राने गोदावरीच्या मुखाशी वर्षभर मोजमाप केलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पावसाळ्याच्या पुरात तिथल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कोरड्या महिन्यांच्या कितीतरी पट चढतो. नुसतं सोयीच्या ऋतूत मोजलं असतं तर हे हाती लागलंच नसतं. उलट्या दिशेने पाहा: पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्या वाढीमागे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट आहेत. आपला जिल्हा त्या पट्ट्यात येतो. तो पेपर ज्या पावसाच्या नोंदींवर उभा आहे त्या घेणाऱ्या, रोज सकाळी पर्जन्यमापक पाहणाऱ्या लोकांपैकी कुणाचंही नाव लेखकांत नाही, आणि असावं अशी अपेक्षाही नाही. पण त्यांनी एखाद्या दिवशी कंटाळून अंदाजे आकडा टाकला असता तर आज कोणत्याच जर्नलला छापायला काही उरलं नसतं.

म्हणून माझा सल्ला असा. गाजणारा विषय नाकारायची गरज नाही, पण त्याच्या पोटात एखादं मोजमाप असं निवड जे तुझ्या आधी कुणीतरी केलं आहे आणि तुझ्या नंतर कुणालातरी करावं लागेल. ते त्याच जागी, त्याच रीतीने कर, रीत बदललीस तर जुन्या आणि नव्या रीतीने काही काळ शेजारीशेजारी मोजून दोन्हींतला फरक लिहून ठेव. पावसाळ्यातल्या फेऱ्या टाळू नकोस, नोंदींत भगदाडं पडतात ती तिथेच. मोजमापाची वही स्वच्छ ठेव. फसलेले नमुनेही तिच्यात असू देत. आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेव: अर्गो प्रकल्पाचे तरंगते मापक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासूनचं तापमान आणि क्षारता मोजतात आणि ते आकडे कुणालाही फुकट मिळतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत समुद्रविज्ञानात खरा मोठा बदल झाला असेल तर तो हा. आपल्या देशात जहाजावर जमवलेले आकडे मात्र अजूनही पुष्कळदा जमवणाऱ्याच्या कपाटातच राहतात आणि तो निवृत्त झाला की रद्दीत जातात. तुझे तसे होऊ देऊ नकोस.

दोना पावलाला रुजू झालीस की मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचार: माझ्या आधी या जागी कुणी मोजलं आहे, आणि माझे आकडे प्रबंधानंतर कोणत्या खुल्या संग्रहात ठेवायचे? पेपर कोणत्या जर्नलला पाठवायचा हे तिसऱ्या वर्षी विचारलंस तरी चालेल.

तुझा
मामा