'परमेश्वराचे भय' : एका अवघड शब्दाचा अभ्यास

मराठी बायबलमध्ये 'परमेश्वराचे भय' हे शब्द इतक्यांदा येतात की वाचता वाचता आपण त्यांच्यावरून सरळ पुढे जातो. नीतिसूत्रांत ते आहेत, स्तोत्रांत आहेत, यशयाच्या ग्रंथात आहेत. दृढीकरणाच्या वर्गात पवित्र आत्म्याची सात दाने पाठ करून घेतात, त्यातलं शेवटचं दान हेच. आणि वर्गातला एखादा मुलगा विचारतोच : देव प्रेमळ आहे ना, मग त्याला घाबरायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. 'अरे, भय म्हणजे इथे आदर' असं सांगून त्याला गप्प करणं मला पटत नाही. आदर हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. 'आदरणीय व्यासपीठ' म्हणतानाही तोच वापरतो, आणि व्यासपीठावर कोण बसलंय ते पुष्कळदा आपल्याला ठाऊकही नसतं.

तसे मराठीत या जातीचे शब्द भरपूर आहेत. फौजदाराचा वचक असतो, हेडमास्तरांचा धाक असतो, गावातल्या पैलवानाचा दरारा असतो. या तिन्हींची एक गंमत म्हणजे माणूस नजरेआड झाला की त्याचा परिणामही ओसरतो. सर वर्गाबाहेर पडले की गोंधळ सुरू. 'भीड' मात्र वेगळी. ज्याची भीड वाटते तो समोर नसला तरी हात आखडतो, कारण त्याला काय वाटेल हा विचार मनात असतो. पण भीडेतही खोट आहे. भीडेपोटी आपण नको तिथे हो म्हणतो. भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं उगाच म्हणत नसत. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'पापभीरू'. या शब्दात भय आहे, पण ते देवाचं नाही, पापाचं आहे. आणि असा माणूस आपल्याला भित्रा वाटत नाही, सरळ वाटतो.

आता मुळाकडे जाऊ. हिब्रूत यासाठी 'यिरआ' हा शब्द आहे. घाबरणं आणि थक्क होऊन नमणं, दोन्ही त्यात मावतं. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वत धुराने भरलाय, ढग गडगडताहेत, लोक लांब उभे राहून कापताहेत. मोशे त्यांना सांगतो, भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो की तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचं भय तुमच्यासमोर राहावं, यासाठी तो आलाय. भिऊ नका आणि भय बाळगा, एकाच वाक्यात! हिब्रूत दोन्ही जागी धातू एकच आहे. मोशे गोंधळलेला नाही. पहिल्या भयाने लोक मागे सरकले होते. दुसऱ्या भयाने त्यांनी देवासमोर राहावं असं त्याला हवंय.

याहून नवल वाटतं ते स्तोत्र १३० चं. तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की देवाकडे क्षमा आहे, म्हणून त्याचं भय धरलं जातं. आपण हे बरोबर उलटं शिकलेलो असतो : शिक्षा आहे म्हणून भय. पण ज्याने आपल्याला खरोखर क्षमा केली, त्याच्यासमोर आपण कसे उभे राहतो ते आठवून पाहा. ओरडा खाल्ल्यावर माणूस धुसफुसतो. क्षमा मिळाल्यावर तो गप्प होतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक भाषांतराची गोष्टही सांगते. यशयाच्या अकराव्या अध्यायात हिब्रू पाठात दाने मोजली तर सहाच भरतात. 'परमेश्वराचे भय' तिथे लागोपाठ दोनदा आलंय. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी पहिल्या जागी भक्ती या अर्थाचा शब्द घातला आणि दुसऱ्या जागी भय ठेवलं. म्हणून ग्रीक आणि लॅटिन परंपरेत दाने सात झाली आणि आपणही सातच शिकतो. म्हणजे भक्ती आणि भय ही दोन दाने एकाच शब्दातून निघाली आहेत! भाषांतरामुळे अर्थ हरवतो असं आपण नेहमी ऐकतो, इथे तो उलगडला.

संत ऑगस्टीन हा फरक समजावताना दोन बायकांचं उदाहरण देतो. दोघीही नवऱ्याला भितात. एक वाईट मार्गाला लागलेली आहे, तिला भीती की तो घरी येईल. दुसरीला भीती की तो सोडून जाईल. उदाहरण त्याच्या काळाचं आहे, आज वाचताना थोडं खटकतं, पण मुद्दा नेमका आहे. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची रीतसर मांडणी केली : एक दासाचं भय, दुसरं लेकराचं. दासाला शिक्षेची धास्ती, लेकराला आईबाप दुखावले जातील याची. प्रेम वाढतं तसं पहिलं घटतं आणि दुसरं वाढत जातं. स्वर्गातही ते राहतं, असं अक्वायनस म्हणतात. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रेम भीतीला घालवून देतं असं आहे, ते पहिल्या भीतीबद्दल.

हा काथ्याकूट का करायचा? कारण घरोघरी मुलांना पहिलंच भय दिलं जातं. 'येशूबाळ रागावेल हं' हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? धाकावर वाढलेली श्रद्धा घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत चालते. मुलं हॉस्टेलला आली की पहिल्या महिन्यात मिस्सा चुकते, आकाश कोसळत नाही, दुसऱ्या महिन्यात कुणी चुकल्याचं मोजतही नाही. मी माझ्याच मजल्यावर हे पाहते. त्यांनी देव सोडला असं मी म्हणणार नाही. त्यांना दिलेला फौजदार त्यांनी सोडला, एवढंच. त्याच्या जागी दुसरं काही त्यांच्या हाती दिलेलंच नव्हतं.

मग दुसरं भय रुजवायचं कसं? मला वाटतं सुरुवात आपल्या भाषेतच करून ठेवलेली आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत 'ए आई' आणि 'अहो बाबा' असतं. पण प्रभूने शिकवलेली प्रार्थना मराठीत म्हणताना आपण स्वर्गातल्या पित्याला 'तू' म्हणतो. बाबांना जे म्हणत नाही ते देवाला म्हणतो! आणि त्याच तोंडाने पहिली मागणी करतो ती त्याचं नाव पवित्र मानलं जावं अशी. सर्वनामात जवळीक, मागणीत नमन. इंग्रजीत प्रार्थना करताना हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे रोजच्या बोलण्यात सगळ्यांना एकच 'यू'.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. आपल्याकडच्या ग्रंथांसारखी त्यांनीही सुरुवात नमनाने केली, आणि त्या नमनातच देवाला बाप म्हणून हाक मारली, 'तू' म्हणून. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला आई म्हटलं. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत ते सहज बसलं. ज्याला 'तू' म्हणायचं त्याचाच मान सर्वांत मोठा, ही सवय या भाषेला आधीपासून होती.

भाषेनंतर शरीर. जळत्या झुडपासमोर देव मोशेला पायतण काढायला सांगतो. ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. उंबरठ्याशी चपला काढतच ती वाढतात. १९६९ साली भारतातल्या बिशपांनी मागितलेले बारा बदल रोमने मान्य केले. त्यांत मिस्सेला अनवाणी येणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती हे सगळं होतं. काहींना तेव्हाही ते रुचलं नाही, आजही नाही. मला स्वतःला वाकणं आणि गुडघा टेकणं दोन्ही चालतं. घाई चालत नाही. कपाळावरून माशी हाकलावी तसा क्रूसाचा खूण-हात फिरवायचा, बाकाशी अर्धवट मुडपून पीटीच्या तासासारखं उठायचं, यातून शरीर काहीच शिकत नाही. एक करून बघा. मिस्सेच्या पाच मिनिटं आधी जा, फोन पिशवीत टाका, क्रूसाची खूण सावकाश करा, गुडघा जमिनीला टेकेपर्यंत टेका. आणि 'ओ माय गॉड' दिवसातून किती वेळा म्हणता तेही मोजा. आकडा ऐकून रूममेट हसेल.

एवढं झाल्यावरही याकोबाचं पत्र आपल्याला सोडत नाही. दुसऱ्या अध्यायात तो सभेत आलेले दोघे दाखवतो. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा, मळक्या कपड्यांतल्याला उभं राहा किंवा पायाशी बस. संत जॉन क्रिसोस्टोम यांनीही प्रवचनात हेच विचारलं होतं : ख्रिस्ताचं शरीर इथे रेशमाने सजवायचं आणि बाहेर थंडीत उघड्या पडलेल्या त्याच्याकडे पाठ फिरवायची? आमच्या सणाच्या मिस्सेला पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असतात. पहाटे देऊळ झाडून बाक पुसणाऱ्या मावशी मागे दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभ्या असतात. सगळे त्यांना 'ए मावशी' म्हणतात. त्या 'ए'मध्ये आई आहे की नुसता हुकूम, हे प्रत्येक वेळी कान देऊन ऐकावं लागतं. यंदाच्या सणाला आमच्या युवक गटाने दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची त्यांच्यासाठी मागितली आहे. उत्तर अजून यायचंय.