सगळ्यांनी गायचं गाणं : संगीतकार वसंत देसाई आणि आपला परिपाठ



"तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव," असं तुम्ही कधी एखाद्या मुलाला सांगितलं आहे का? मी सांगितलं आहे. प्रजासत्ताक दिनाचं समूहगीत बसवत होतो. तिसरीतला एक मुलगा जोरात आणि बेसूर गायचा. कार्यक्रम नीट व्हावा म्हणून मी त्याला बाजूला घेऊन हळूच हे सांगितलं. २६ जानेवारी छान पार पडली. फेब्रुवारीत लक्षात आलं, की तो रोजच्या परिपाठातही गात नाही. जुहूला विमानतळ जवळ असल्यामुळे प्रार्थना चालू असतानाच कधीकधी डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं. तेव्हा बाकीची मुलं मजेने आवाज चढवतात. हा मात्र तेव्हाही नुसते ओठ हलवत होता. मी शेजारी उभी राहून पाहिलं.

म्हणून आजचा लेख वसंत देसाई यांच्यावर आहे. मोठमोठ्या गायकांसाठी चाली बांधणारा हा संगीतकार शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायलाही उभा राहिला.

त्यांचा जन्म ९ जून १९१२चा, सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावचा. बालपण कुडाळ परिसरात गेलं. भजन, कीर्तन, दशावतार कोकणातल्या मुलाच्या कानावर आपोआप पडतात. तरुणपणी ते कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तिथे पडेल ते काम केलं, छोट्या भूमिका केल्या, गायले आणि गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्यासारख्या थोरांच्या हाताखाली शिकले. पुढे व्ही. शांताराम यांनी मुंबईत राजकमल सुरू केलं, तेव्हा ‘शकुंतला’ (१९४३) या चित्रपटाचं संगीत देसाईंनी दिलं. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५), बिस्मिल्ला खाँ यांची सनई असलेला ‘गूंज उठी शहनाई’ (१९५९), ही यादी मोठी आहे. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या ‘मैत्रीं भजत’ या संस्कृत रचनेची चालही त्यांचीच.

आता आपल्या कामाचा भाग बघू. ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाचं संगीत त्यांचं. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधली कैद्यांची प्रार्थना त्यांची आणि ‘गुड्डी’ (१९७१) मधली शाळेची प्रार्थनाही त्यांचीच. या दोन्ही प्रार्थना चित्रपटातून निघाल्या आणि देशभरातल्या शाळांच्या पटांगणावर जाऊन बसल्या. कित्येक मुलांना त्या सिनेमातल्या आहेत हेही माहीत नसतं.

‘गुड्डी’चं उदाहरण नीट पाहा. एकाच चित्रपटात, एकाच गायिकेसाठी, म्हणजे वाणी जयराम यांच्यासाठी, देसाईंनी दोन वेगळ्या तऱ्हेची गाणी केली. पपीहऱ्याचं गाणं मियाँ की मल्हारमधलं आहे. ते गायला तयारीचा गळाच लागतो. प्रार्थना केदार रागावर आधारलेली, म्हणजे रागही काही सोपा नाही. पण ओळी आखूड आहेत, ताना नाहीत, मध्ये श्वास घ्यायला जागा आहे आणि प्रत्येक कडव्यानंतर ओळखीची पहिली ओळ परत येते. चुकलेलं मूल त्या ओळीवर पुन्हा सगळ्यांत सामील होऊ शकतं. मला वाटतं, खरी शिक्षकाची दृष्टी इथे आहे. न येणाऱ्याला बाहेर काढण्याऐवजी त्याला परत यायला दार ठेवायचं.

हीच दृष्टी त्यांच्या ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमात दिसते. शाळाशाळांतल्या मुलांकडून त्यांनी समूहगीतं बसवून घेतली आणि हजारो मुलांना एकत्र गायला लावलं. हजारोंमध्ये सगळेच सुरेल कसे असतील? पण एवढी मुलं एकमेकांचं ऐकत गातात, तेव्हा कच्चा आवाजही हळूहळू सुरात ओढला जातो. हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकारानेही शाळेतल्या गाण्यासाठी असंच आयुष्य वेचलं. गाणं हा थोड्यांचा मान नसून सगळ्यांचा हक्क आहे, हे दोघांच्याही कामातून दिसतं. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात वसंत देसाईंचं निधन झालं. त्यांच्या प्रार्थना मात्र आजही रोज सकाळी चालू आहेत.

वर्गात काय करता येईल? मी करून पाहिलेल्या काही गोष्टी :

१. पट्टी मुलांची घ्या. आपण आपल्या सोयीच्या स्वरात सुरू करतो आणि मुलांचा आवाज खाली पोचत नाही किंवा वर फाटतो. बऱ्याच ‘बेसूर’ मुलांची अडचण एवढीच असते.
२. आधी दोनतीन दिवस नुसतं ऐकवा. मग एकेक ओळ, तुम्ही एकदा, मुलं दोनदा.
३. ताल आधी टाळीने पक्का करा. सूर चुकणारी मुलं तालात पुष्कळदा पुढे असतात. त्यांना तिथे मान द्या.
४. कच्च्या आवाजाचं मूल मागच्या रांगेत ढकलू नका. दोन स्थिर आवाजांच्या मध्ये उभं करा.
५. "ओरडू नको" याऐवजी "शेजारच्याचा आवाज ऐकू येईल एवढंच गा" असं सांगा.

पालकांनाही एक विनंती. घरी मूल गुणगुणत असेल तर हसू नका, आणि लगेच रिॲलिटी शोची स्वप्नंही बघू नका. सोबत दोन ओळी गा.

त्या मुलाला मी नंतर सांगितलं, "बाईंचं चुकलं, तू गात जा." त्याने मान हलवली, पण आवाज परत यायला पुढचं सगळं वर्ष गेलं. एका वाक्याने बंद झालेला गळा एका वाक्याने उघडत नाही. आता तो पाचवीत आहे. सूर अजून चुकतो, पण गातो.

उद्या परिपाठाला पाच मिनिटं माइकपासून दूर, शेवटच्या रांगेत उभे राहा. कोण गात नाही, ते तिथेच कळतं.