मुलकोवालचा चिमटा

विजय नगरातील आमच्या प्रयोगशाळेत नवे प्रशिक्षणार्थी आले, की मी त्यांना प्रथम १९०२ सालची हकीकत सांगतो. परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस पंजाबातील मुलकोवाल गावी टोचली गेली. एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळून वापरला. धनुर्वाताचे बीजाणू अशाने मरत नाहीत. त्यांस १२१ अंश सेल्सिअसची दाबयुक्त वाफ किमान १५ मिनिटे द्यावी लागते. हाफकिनांवरील ठपका दूर होण्यास मात्र १९०७ साल उजाडले.

चिमटा कोणाच्याही हातून पडतो. माझ्याही पडला आहे. आमच्या नोंदवहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, आणि तो भरणाऱ्यास कोणी रागावत नाही.