गुरू आणि शिष्य एकाच क्रमात

शास्त्रपाठ : १ इतिहास २५:१-८, लेवीय २५:८-१०

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आपण बहुधा नावांची यादी समजून ओलांडतो. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या हाताखालील २८८ निपुण गायक तेथे मोजलेले आहेत. परंतु आठव्या वचनापाशी थांबा. सेवेची पाळी ठरविताना लहान-थोर, गुरू-शिष्य या सर्वांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. जो अद्याप शिकत होता तोही सेवेकऱ्यांत गणला गेला.

एला शेपर्ड हिच्या चरित्रात हे वचन मला मूर्तिमंत दिसते. १८५१ साली अमेरिकेतील नॅशविल येथे ती गुलामगिरीत जन्मली. पित्याने पैसे भरून तिला सोडविले. आई मात्र दास्यातच राहिली. पुढे सिनसिनाटी शहरात एका गोऱ्या शिक्षिकेने तिला गायन शिकविले, ते या अटीवर की तिने रात्री, मागील दाराने यावे आणि कोठे वाच्यता करू नये. विद्या लाभली, सहवास नाही.

१८६८ मध्ये सहा डॉलर व एक लहानशी पेटी घेऊन ती नॅशविलच्या फिस्क विद्यालयात आली. मुक्त झालेल्या गुलामांसाठी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ते १८६६ साली उघडले होते. येथे ती शिकता शिकताच संगीत शिकवू लागली. आईबापांची दास्यातील भक्तिगीते ही मुले आपसांतच, जवळजवळ लपून गात. चारचौघांत ती म्हणण्याचा त्यांना संकोच वाटे. हा संकोच समजण्यासारखा आहे. ज्या गीतांत घरचे अश्रू आहेत ती परक्यांच्या करमणुकीसाठी कोण गाईल?

विद्यालय कर्जात बुडाले, तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांसह दौऱ्यावर निघाले. पियानोवर एला होती. श्रोत्यांची अंतःकरणे हलली ती नेमकी त्याच गीतांनी. व्हाइट यांनी मेळ्यास ‘जुबिली’ हे नाव दिले, ते लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायावरून.

आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘योबेल’ हा मूळ इब्री शब्दच ठेवला आहे, आणि भाषांतरकार म्हणून मला ते योग्य वाटते. कारण ‘मुक्ती’ एवढे म्हटल्याने त्याचा अर्थ पुरा होत नाही. दहाव्या वचनात सुटकेच्या घोषणेस लागूनच प्रत्येकाने आपल्या कुटुंबाकडे परत जावे, असे सांगितले आहे.

मेळ्याने मिळविलेल्या पैशातून १८७६ मध्ये जुबिली हॉल उभा राहिला. आणि एलाने ताटातूट झालेल्या आईचा शोध घेऊन तिला नॅशविलला, आपल्या घरी आणले.