वाळूत पुरलेली मोटार

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावासमोर कित्येक मैल लांबीची सपाट पुळण पसरलेली असून ओहोटीच्या वेळी तिची वाळू घट्ट व गुळगुळीत होते. वेगाचे विक्रम करू पाहणारे मोटारचालक एके काळी आपली वाहने घेऊन येथे येत असत.

जॉन पॅरी थॉमस हा वेल्श अभियंता त्यांपैकीच एक होय. काउंट लुई झ्बोरोव्स्की याने बांधविलेली एक प्रचंड मोटार त्याच्या मृत्यूनंतर थॉमसने विकत घेतली, तिच्यात अनेक सुधारणा केल्या आणि तिचे नाव ‘बॅब्ज’ असे ठेवले. विमानासाठी निर्माण केलेले ‘लिबर्टी’ जातीचे इंजिन तिच्यात बसविलेले होते. त्याला १२ सिलिंडर असून त्याची क्षमता २७ लिटर होती. २८ एप्रिल १९२६ रोजी या मोटारीने ताशी १७१ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर, वेग गाठून जागतिक विक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्बेलने तो मोडला. तो परत मिळविण्याच्या प्रयत्नात ३ मार्च १९२७ रोजी भयंकर अपघात झाला आणि थॉमस प्राणास मुकला. मोडकी बॅब्ज तेथेच वाळूत पुरण्यात आली.

४२ वर्षे लोटली. ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकाच्या मनात त्या मोटारीस पुन्हा चालती करण्याचा विचार आला. ती भूमी संरक्षण खात्याच्या ताब्यात होती. रीतसर परवानगी मिळवून १९६९ मध्ये त्याने बॅब्जला वर काढले. जे हाती आले ते पाहून एखाद्याचा धीरच खचला असता. पोलादाचे अनेक भाग टिकून होते. परंतु हलक्या धातूचे भाग खाऱ्या ओलाव्याने खाऊन टाकले होते. ॲल्युमिनियम आणि पोलाद मिठाच्या पाण्यात एकमेकांस चिकटून राहिले, की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते, हा रसायनशास्त्राचा नियमच आहे.

मोटारीचा सांगाडा नव्याने घडविता येतो, रंगही देता येतो. खरी कसोटी लागते ती इंजिनापाशी. दीर्घकाळ बंद पडलेले इंजिन खोलू लागताच पहिले विघ्न उभे राहते. दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, गंजामुळे सिलिंडरला घट्ट धरून बसलेला असतो. उतावळा मनुष्य हातोडा उचलतो आणि गंजाने जे वाचविले होते, ते एका घावात फोडून टाकतो. जाणता कारागीर सांध्यात पातळ तेल सोडतो आणि वाट पाहतो. कधी आठवडा जातो, कधी महिना. मग एके दिवशी दट्ट्या केसभर हलतो. त्या दिवशी कारागिराला केवढा आनंद होत असेल!

दुसरे विघ्न याहून फसवे असते. लिबर्टी इंजिनात प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र असून त्याच्याभोवती पातळ पोलादी पत्र्याचे वेष्टन असते. त्यातून पाणी खेळवून सिलिंडर थंड राखतात. असा पत्रा वरून धड दिसला, तरी आतून गंजून कागदासारखा झालेला असू शकतो. म्हणून दाबाने पाणी भरून प्रत्येक वेष्टनाची परीक्षा घ्यावी लागते. शिवाय थॉमसने बॅब्जसाठी स्वतःच्या रचनेचे दट्ट्ये वापरले होते. असे भाग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. जुना नमुना मोजून नवा घडवावा लागतो.

तिसरे विघ्न येते ते सर्व काम संपल्यासारखे वाटते तेव्हा. क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलासाठी केसाहूनही बारीक फट असते. ती अधिक झाली, तर तेलाचा दाब पडतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. कमी झाली, तर शाफ्ट जखडतो. तेलाच्या मार्गात वाळूचा एक कण राहिला, तरी महिन्यांचे श्रम क्षणात मातीमोल होतात. इंजिन सुरू होताच पाहणारे टाळ्या वाजवितात. कारागिराची दृष्टी मात्र तेलाच्या दाबाच्या काट्यावर खिळलेली असते. काटा हलला नाही, तर तत्काळ इंजिन बंद करून ते पुन्हा पहिल्यापासून खोलणे, हाच एक मार्ग उरतो. ‘इतके केले, आता चालेल’ असे म्हणण्याचा मोह होतो तो नेमका याच वेळी. जो त्या मोहास बळी पडतो, त्याचे इंजिन पुढे टिकत नाही.

बॅब्जचा जीर्णोद्धार पूर्ण व्हावयास सुमारे १५ वर्षे लागली. अखेर वाळूत मूक झालेले ते इंजिन पुन्हा धडधडू लागले आणि पुढे ती मोटार पेंडाइनच्या संग्रहालयात लोकांना पाहावयास मिळू लागली. ज्या यंत्राने एकदा क्षणाक्षणाचा हिशेब करीत वेगाचा विक्रम केला, त्याला पुन्हा उभे करावयास वेगाचा काहीच उपयोग झाला नाही. तेथे उपयोगी पडली ती सबुरी, आणि चुकलेले काम पुन्हा पहिल्यापासून करण्याची तयारी.

स्वाध्याय

१. बॅब्ज वाळूत का पुरण्यात आली?
२. जखडलेला दट्ट्या सोडविण्याची योग्य रीत कोणती?
३. इंजिन सुरू होताच कारागीर काट्याकडे का पाहतो?
४. ‘मातीमोल होणे’ व ‘धीर खचणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.