बोटीच्या केबिनसाठी प्लायवूड घेताना

आमचा धंदा कापडाचा. लाकडाशी संबंध एवढाच, की मेव्हण्यांच्या मच्छीमारी बोटीत आमचा चार आणे भाग आहे. बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लागते. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट शाकारून दुरुस्तीची कामे काढतात. अशाच एका बंदीत केबिनच्या आतल्या भिंती नव्या केल्या. दुकानदार म्हणाला, "शेठ, मरीनच आहे." बिलावर लिहिले फक्त 'प्लाय 12 एमएम, 10 नग'. दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले आणि खलाशी झोपतात तिथे काळी बुरशी धरली. बिल घेऊन गेलो, तर त्यावर मरीन हा शब्दच नाही! चूक आमचीही होती. ठाण घेताना आम्ही ओला रुमाल घासून रंग सुटतो का ते पाहतो. प्लाय मात्र तोंडच्या शब्दावर घेतला.

प्लायची खरी ताकद त्याच्या सरसात असते. लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे ठेवून चिकटवतात, आपल्या ताण्याबाण्यासारखेच. 'कमर्शियल' किंवा 'एमआर' प्लायमध्ये साधारणपणे युरियाचा सरस असतो. तो दमट हवा सोसतो, भिजणे सोसत नाही. मरीन प्लायमध्ये फिनॉलचा सरस असतो. त्याचे भारतीय मानक आयएस 710. त्याच्या कसोटीत तुकडा 72 तास उकळतात, तरी थर सुटता कामा नये. म्हणून शिक्क्यावर आयएस 710 आणि सीएम/एल नंबर दोन्ही पाहावेत. हा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. बिलावरही 'आयएस 710' लिहून घ्यावे. लिहायला कुरकुर करणाऱ्याचा माल आम्ही आता घेत नाही.

घरची परीक्षाही आहे. तुकडा सकाळी उकळत ठेवावा, दुपारी काढून कडेला चाकूचे टोक घालावे. थर सहज उचकटले तर माल परत. तुकडा पास झाला म्हणून तो मरीन ठरला असे मात्र नाही. कापलेली कडही नीट पाहावी. मधल्या थरात पोकळी दिसली तर तिथेच पाणी साचणार.

पुष्कळांना वाटते की समुद्राचे खारे पाणी प्लाय खाते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारेपणा मानवत नाही. केबिनचा खरा दुश्मन पावसाचे गोडे पाणी. ते छताच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीतून झिरपते आणि पाटीमागे कोंडते. आधी गळती बंद करावी, मगच नवा प्लाय लावावा. गळती तशीच ठेवली तर उत्तम मरीनही फार टिकणार नाही. पाटी आणि बोटीच्या बाजूची फळी यांत हवेला थोडी वाट ठेवावी.

आता जाडीचा हिशेब. आठ बाय चारची 12 एमएम पाटी सुमारे 24 किलो भरते, 6 एमएमची 12 किलो. दहा पाट्यांत 120 किलोचा फरक, तोही बोटीच्या वरच्या भागात. आतली भिंत भार उचलत नाही, त्यामुळे आडव्या पट्ट्या जवळ असतील तर 6 एमएम पुरतो. गोलाईवर त्याहून पातळ दोन थर चिकटवून वाकवावेत. फळी-कपाट टांगायचे असेल तिथेच जाड प्लाय घ्यावा.

मधल्या कोरड्या आडभिंतीला हलका माल चालेल, असे काही मिस्त्री सांगतात. चालेलही. पण मजुरी तेवढीच पडते, आणि उरलेले तुकडे एकमेकांत मिसळून नको तिथे लागतात. आम्ही सगळीकडे एकच माल लावला.

जुनी पाटी फेकू नये, तिचाच फर्मा करून नवी कापावी. कापल्यावर चारही कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, मागची बाजूही रंगवावी. पाणी शिरते ते कडेतूनच, आणि घाईत मिस्त्री नेमके हेच सोडतो. लोखंडी खिळा गंजतो. स्टेनलेसचा 316 स्क्रू घ्यावा आणि पाटी पुन्हा काढता येईल अशी बसवावी. दरवर्षी बंदीत एक-दोन पाट्या उघडून मागे हात फिरवला की ओल लगेच कळते.