न झालेल्या परिषदेचें भाषण

ज्याच्या बोलण्यानें गांवांत वाद माजेल अशा वक्त्यास सभेंत बोलूं द्यावें कीं नाहीं, असें प्रचारक बंधु आम्हांस विचारतात. हाणामारीस चिथावणारा निराळा. त्याचा विचार पोलीस पाटलानें करावा. इतरांविषयीं लाहोरचा एक प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे.

तेथील जातपात तोडक मंडळानें इ. स. १९३६ च्या परिषदेचें अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांस दिलें होतें. भाषण हातीं येतांच मंडळ बिचकलें. शास्त्रांच्या प्रामाण्यावरील प्रहार व हिंदुधर्म सोडण्याचा उल्लेख त्यास रुचेना. डॉक्टर तर स्वल्पविरामहि बदलण्यास तयार नव्हते. शेवटीं परिषदच रद्द झाली. (आमंत्रणापूर्वींच विचार करण्यास मंडळास कोणीं अडविलें होतें ?) डॉक्टरांनीं तें भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नांवानें स्वखर्चानें छापिलें, १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

महात्मा गांधींस त्यांतील मतें मान्य नव्हतीं. तरी जुलै १९३६ च्या ‘हरिजन’ पत्रांत त्यांनीं, समितीनें लोकांची ऐकण्याची संधि हिरावली, असें लिहिलें; आठ आणे किंमत दोन, निदान चार आण्यांवर आणावी, असेंहि सुचविलें ! मग मुद्द्यांस उत्तर दिलें. डॉक्टरांनीं पुढील आवृत्तींत ती टीका व आपलें प्रत्युत्तर, दोन्हीं छापिलीं.

वाद असा उत्तम झाला खरा, परंतु कागदावर. परिषद भरती तर निरक्षर श्रोत्यासहि दोन्ही बाजू कानांनीं ऐकतां आल्या असत्या. दोन आण्यांचें पुस्तकहि त्याच्या काय उपयोगाचें ?